नौकेची छावणी

फुलचूरहून समुद्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. गोंदियाहून मुंबईचा किनारा लोहमार्गाने सुमारे हजार किलोमीटरवर आहे. पूर्वेचा उपसागर त्याहून अलीकडे असला तरी तोही सहज जाऊन पाहून येण्यासारखा नाही. या भागात पाणी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते मालगुजारी तलाव, नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यांवरून संथ सरकणारे डोंगे. अशा ठिकाणी कॅरिबियन समुद्रातील शिडाच्या नौकेची गोष्ट काढणे अनेकांना विनोदाचे वाटेल. परंतु त्या गोष्टीच्या मुळाशी असलेला प्रश्न येथील व्यापारी कुटुंबांच्या पूर्ण परिचयाचा आहे. वर्षातील काही महिनेच कामी येणारी आणि उरलेले महिने बंद राहणारी मालमत्ता सांभाळायची कशी? एप्रिल-मेच्या उन्हात गोळा झालेला तेंदूपत्ता पहिल्या पावसाआधी कोरड्या गोदामात पोचला नाही तर काय होते, हे गोंदियात कोणाला सांगावे लागत नाही. धानाच्या गिरणीचा हंगाम आटोपल्यावर कुलूप लावून निघून जाणारा मालक पुढच्या हंगामाच्या तोंडावर उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि गंजलेली यंत्रे पाहतो. शिडाच्या नौकेचा हिशेबही याच जातीचा आहे. फक्त तिचे गोदाम समुद्राच्या काठावर असते आणि पावसाऐवजी तेथे चक्रीवादळ येते.

युरोप, अमेरिका आणि कॅनडातील अनेक मध्यमवयीन वा निवृत्त दांपत्ये पस्तीस ते पन्नास फूट लांबीची शिडाची नौका विकत घेतात आणि ती कॅरिबियन बेटांत ठेवतात. आपल्या देशात बर्फ पडू लागले की विमानाने यायचे, नौकेवरच घर मांडायचे, चार-सहा महिने बेटामागून बेट हिंडायचे आणि उन्हाळा आला की नौका तेथेच ठेवून परतायचे, असा हा क्रम. व्हर्जिन बेटांपासून ग्रेनाडापर्यंत ही बेटांची माळ धनुष्यासारखी वाकलेली आहे आणि बहुतेक ठिकाणी एका बेटावरून पुढचे बेट एका दिवसात गाठता येते. डिसेंबर ते मे या काळात पूर्वेकडून वारा असा सातत्याने वाहतो की शिडे एकदा बांधली की तासन्‌तास हात लावावा लागत नाही. भूगोलाच्या पुस्तकात यांना ‘व्यापारी वारे’ म्हणतात. या नावाचा व्यापाराशी मुळात संबंध नव्हता, हे व्यापारी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. ज्या इंग्रजी शब्दाचा हा अनुवाद आहे त्याचा जुना अर्थ ‘ठरलेली वाट’ असा होता. ठरलेल्या वाटेने वाहणारे ते वारे; व्यापार त्यांच्यामागून आला.

हा क्रम मोडतो तो १ जूनला. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या सुमारास असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ही तारीख ऐकून आश्चर्य वाटू नये. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील बंदी १ जूनपासूनच सुरू होते आणि ३१ जुलैपर्यंत चालते. पृथ्वीच्या दोन बाजूंचे दोन समुद्र एकाच दिवशी माणसाला घरी बसायला सांगतात. फरक इतकाच की आपल्याकडे श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून वाट पुन्हा खुली होते आणि कॅरिबियनमध्ये तिची वाट नोव्हेंबर संपेपर्यंत पाहावी लागते.

कोकणाने बंद हंगामाचे शास्त्र फार पूर्वीच रचले होते. वैशाख संपत आला की होड्या लाकडी ओंडक्यांवरून वाळूत वर ओढायच्या, तळ खरवडून वाळवायचा, फळ्यांच्या फटींत कापूस आणि तेल ठासायचे, शिडे व दोर घरात न्यायचे आणि होडीवर नारळीच्या झावळ्यांचे छप्पर शाकारायचे. आजही रायगड-रत्नागिरीच्या पुळणींवर जूनमध्ये अशा झाकलेल्या होड्या ओळीने दिसतात; झावळ्यांची जागा बहुतेक ठिकाणी निळ्या ताडपत्रीने घेतली आहे. मराठ्यांच्या आरमारात या बंद काळाला एक नेमका शब्द होता: छावणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे जे प्रकरण आहे त्यात गलबते छावणीस केव्हा आणि कोठे आणावीत याची सूचना आहे. समुद्र खवळण्यापूर्वी काही दिवस आधीच ती आणावीत आणि उघड्या, असुरक्षित बंदरात न ठेवता किल्ल्याच्या आश्रयाच्या ठिकाणी ठेवावीत, हा तिचा आशय. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत गिर्ये येथे असलेली जुनी गोदी पाहिली की ही सूचना कागदावरच राहिली नव्हती हे पटते. समुद्रापासून आत, वळणाआड, वाऱ्याला पाठ करून नौका ठेवण्याची ती जागा आहे. एखाद्या राज्यकारभाराच्या ग्रंथाने जहाज चालवण्याइतकेच जहाज थांबवण्याकडेही लक्ष द्यावे, यात त्या काळाचे मोठे व्यावहारिक शहाणपण दिसते.

ज्यांनी हा बंद काळ मोडला त्यांची नोंदही कोकणाने ठेवली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अंतर थोडेच होते आणि वाट रोजची होती. पण महिना आषाढाचा होता.

अलीकडच्या काळातील भारतीय सागरपरिक्रमाही याच पंचांगाच्या चौकटीत बसतात. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी नौकेवरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच शिपयार्डमध्ये बांधलेली ‘तारिणी’ लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परत आली. याच नौकेची दुसरी परिक्रमा २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ अशी झाली. तिन्ही वेळा पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर प्रयाण आणि पुढचा पावसाळा लागण्याआधी पुनरागमन. दक्षिण गोलार्धातील हॉर्न भूशिर तेथील उन्हाळ्यात ओलांडायचे असते, हे या वेळापत्रकाचे एक मोठे कारण होते. पण घरच्या बंदराचा दरवाजा जूनमध्ये वाऱ्याने बंद होतो, हेही नाविकाच्या मनातून कधी जात नाही.

आता पुन्हा कॅरिबियनकडे वळू. तेथे बंद हंगामात नौकेच्या मालकापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात. मे महिन्यात नौका घेऊन उत्तरेला अमेरिकेकडे वा अटलांटिक ओलांडून युरोपकडे निघून जायचे. किंवा दक्षिणेला वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याखाली ग्रेनाडा, त्रिनिदाद वा कुरासाव गाठायचे. किंवा आहे त्याच बेटावर नौका पाण्याबाहेर काढून घट्ट बांधायची आणि जे होईल ते पाहायचे. पहिली वाट दीर्घ आणि श्रमाची असते. तिसऱ्या वाटेत नुकसानीचा धोका सर्वांत मोठा. म्हणून बहुसंख्य लोकांची मने दुसऱ्या वाटेवर स्थिरावतात. या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट घडली तीही तेथेच.

ग्रेनाडा हे बारा अंश उत्तर अक्षांशावरील लहानसे बेट. आपल्या किराणा व्यापाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा माल ठाऊक असेल, कारण जायफळ आणि जायपत्री हे त्या देशाचे धन आहे. त्याच्या राष्ट्रध्वजावरही जायफळाचे चित्र आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये ‘जॅनेट’ नावाच्या वादळाने हे बेट उद्ध्वस्त केले. त्यानंतर तब्बल एकोणपन्नास वर्षे तसा दुसरा आघात झाला नाही. एक पिढी गेली, दुसरी आली आणि ‘ग्रेनाडाला वादळ येत नाही’ हे वाक्य हळूहळू सिद्धांताच्या आसनावर जाऊन बसले. विमा कंपन्या या अक्षांशाला सवलती देऊ लागल्या, बेटावर नौका ठेवण्याची यार्डे उभी राहिली आणि उत्तरेकडील बेटांतून शेकडो नौका दर उन्हाळ्यात येथे येऊन लाकडी ठोकळ्यांवर विसावू लागल्या.

ज्ञाताधर्मकथेतील माकंदीपुत्रांची कथा या मासिकाच्या वाचकांना परिचित आहे. जिनपालित आणि जिनरक्षित या दोघा भावांनी अकरा वेळा समुद्रप्रवास करून धन आणले होते; बाराव्या खेपेला मातापित्यांनी अडवले, तरी ते गेले आणि नौका फुटली. कथेचे धार्मिक तात्पर्य पुढे वेगळ्या दिशेने जाते, पण कोणत्याही विमा कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याजोगा एक विचार तिच्यात आहे. अकरा खेपा सुखरूप झाल्या याचा अर्थ समुद्राने करार केला असा होत नाही.

७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ ग्रेनाडावर आले. बेटावरील सुमारे नव्वद टक्के घरांचे नुकसान झाले, ३९ माणसे मृत्युमुखी पडली आणि जायफळाची झाडे मुळासकट उन्मळली. नवे झाड फळ देऊ लागायला कितीतरी वर्षे लागतात, त्यामुळे जगाच्या मसाला बाजारात ती पोकळी दीर्घकाळ जाणवत राहिली. यार्डांत ठेवलेल्या नौका एकमेकींवर कलंडत गेल्या. एक पडली की शेजारच्या नौकेवर, ती तिच्या शेजारणीवर, अशी रांगच्या रांग आडवी झाली. पुढच्याच वर्षी, जुलै २००५ मध्ये, ‘एमिली’ आले. एकोणपन्नास वर्षांत जे घडले नव्हते ते अकरा महिन्यांत दोनदा घडले.

नौका का पडल्या, याची कारणे साधी होती आणि म्हणूनच ती अधिक बोचतात. शिडाच्या नौकेला तळाखाली जड तळकणा असतो. जमिनीवर ठेवताना नौकेचा भार या तळकण्याखालच्या ठोकळ्यांवर असतो आणि बाजूंनी लोखंडी टेकू केवळ तोल सावरण्यासाठी लावतात. नेहमीच्या वाऱ्यात हे पुरेसे असते. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. त्यातच मुसळधार पावसाने जमीन मऊ होते आणि टेकूचा एक पाय बोटभर खचतो. नौका थरथरू लागली की दुसऱ्या बाजूचा टेकू सैल होऊन निसटतो. डोलकाठी उभीच ठेवलेली असेल तर पन्नास-साठ फूट उंचीचा तो दांडा वाऱ्याला हवा तसा तरफेसारखा वापरायला मिळतो. शिड गुंडाळून जागेवरच ठेवले असेल तर वारा त्याचा एखादा कोपरा उचकटतो आणि मग यार्डात उभी असलेली नौका समुद्रात असल्यासारखी वाऱ्यावर स्वार होऊ पाहते.

आयव्हननंतर चांगल्या यार्डांची पद्धत बदलली. जमिनीत खोल नांगर पुरून त्यांना नौका कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांनी बांधू लागले. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना जखडू लागले. काही ठिकाणी जमिनीत खड्डा करून तळकणा त्यात उतरवतात, म्हणजे नौकेची उंची कमी होते आणि ती बुडावर बसल्यासारखी राहते. काही यार्डांनी पोलादी चौकटी आणल्या. डोलकाठी उतरवून आडवी ठेवणे सर्वांत सुरक्षित, पण खर्चाचे आणि कटकटीचे. म्हणून हा सल्ला सर्वजण देतात आणि थोडेच पाळतात. गोंदियातही पत्र्याच्या छपराला जास्तीचे आकडे मारण्याचा सल्ला मेमध्ये असाच सर्वजण देतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ने सेंट मार्टिन आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरील नौकांची धूळधाण केली, तेव्हा ‘दक्षिणेला जा’ हा जुना उपदेश पुन्हा बळावला. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ ग्रेनाडाच्याच ताब्यातील कॅरिआकू बेटावरून गेले. जुलैच्या पहिल्याच दिवशी इतके प्रचंड वादळ येईल, अशी अपेक्षा फार थोड्यांनी केली असेल. कॅरिआकूच्या खारफुटीत आश्रयाला नेलेल्या कित्येक नौका एकमेकींवर चढून फुटल्या. तेथून थोड्याच अंतरावरील ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावरची हानी मात्र तुलनेने कमी होती. इतक्या लहान अंतराने ज्याचा निर्णय होतो, त्याला अक्षांशाच्या एका रेषेने सुरक्षित वा असुरक्षित ठरवणे किती अपुरे आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. तरी विम्याचे करार अजूनही रेषांवरच चालतात. हंगामात नौका अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला असावी. ती उत्तरेला असेल तर नाव मिळालेल्या वादळाने झालेले नुकसान भरून मिळणार नाही, किंवा मालकाचा स्वतःचा वाटा कित्येक पट वाढेल, अशी कलमे त्यांत असतात. इर्मानंतर अनेक कंपन्या मालकाकडून लेखी योजना मागू लागल्या आहेत: नौका कोठे ठेवणार, कशी बांधणार, मागे कोण पाहणार. हे कलम न वाचता हप्ता भरणारा मनुष्य विमा घेत नाही, केवळ पावती घेतो.

वादळे कायम येत नाहीत. दमटपणा मात्र दररोज येतो. बंद हंगामात बहुतेक नौकांचे खरे नुकसान तोच करतो. पाच-सहा महिने बंद असलेल्या केबिनमध्ये गादी, लाकूड, कपडे, पुस्तके, सर्वांवर बुरशी धरते. म्हणून निघण्याआधी नौका रिकामी करणे हे आठवड्याचे काम असते. शिडे गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून घडी घालायची. डोलकाठीतून जाणारे दोर उन्हाने कुजू नयेत म्हणून बाहेर ओढून घ्यायचे आणि त्यांच्या जागी बारीक दोरी ओवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी दोर परत ओढता येतात. इंजिनात शिरलेले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढायचे. डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर वरच्या मोकळ्या जागेत बाष्प साचून डिझेल बिघडते, म्हणून ती काठोकाठ भरायची. बॅटरीचे भरण चालू राहील अशी सोय करायची. समुद्राशी जोडलेल्या झडपा उघडून, साफ करून, तेल देऊन ठेवायच्या. नौकेच्या बैठकीतील पाणी वाहून जाण्याची भोके पानांनी तुंबली तर पावसाचे पाणी साचत-साचत आत शिरते. जमिनीवर उभी असलेली नौका पावसाच्या पाण्याने आतून भरण्याचे प्रकार दरवर्षी घडतात. पाइपांची तोंडे जाळीने झाकायची, कारण कुंभारीण माशी त्यांत मातीची घरटी करते. ती आधीच झाकली तर पाइपही वाचतो आणि नंतर घरटे फोडून जीव मारण्याची वेळही येत नाही.

स्वयंपाकघराचे काम विशेष काळजीचे. पीठ, डाळ, तांदूळ, रवा, मसाले यांचा एक कणही नौकेवर राहू देऊ नये, असे अनुभवी लोक सांगतात. पावसाळ्यात धान्यात जीव पडतात हे जैन घरांतील गृहिणींना कोणी शिकवायला नको. त्या उष्ण दमट हवेत ते आठवड्यातच पडतात आणि मग मुंग्या व झुरळे कप्प्याकप्प्यांत संसार थाटतात. उरलेला शिधा वेळीच शेजारच्या नौकेवर वा यार्डातील कामगारांना देऊन टाकण्याचा तेथे रिवाज आहे, आणि तो चांगला आहे.

तळाचा रंग हाही विचार करण्याजोगा विषय. समुद्रात राहणाऱ्या नौकेच्या तळाला शेवाळ आणि कवचधारी जीव चिकटतात. ते चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. पूर्वी या रंगांत वापरले जाणारे कथिलाचे एक संयुग इतके घातक होते की बंदरांतील शंख-शिंपल्यांच्या पिढ्या त्याने विकृत झाल्या. २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आणली आणि तो करार १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. आजचे रंग बहुधा तांब्याचे असतात. ते कमी घातक असले तरी निरुपद्रवी नाहीत. ज्यांना हे पटत नाही असे काही नाविक आता जीव चिकटूच शकणार नाहीत अशा गुळगुळीत लेपांकडे वळत आहेत. ते महाग पडतात. नौका जितके महिने कोरड्या जमिनीवर राहील तितके महिने हा प्रश्नच उद्भवत नाही, हा छावणीचा एक दुर्लक्षित लाभ म्हणता येईल.

खर्चाकडे वळताना व्यापाऱ्याची नजर लागते. यार्डाचा दर नौकेच्या लांबीनुसार फुटामागे सांगितला जातो आणि नवखा मनुष्य तेवढाच गुणाकार करून मोकळा होतो. प्रत्यक्षात नौका पट्ट्यांच्या मोठ्या यंत्राने पाण्याबाहेर उचलण्याचा आकार वेगळा, तळ धुण्याचा वेगळा, टेकूंचे भाडे वेगळे, जमिनीशी बांधण्याचे वेगळे, हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राची वीज वेगळी आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाण्यात सोडण्याचा आकार वेगळा. त्यावर विमा आणि विमानभाडे. नौकेच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी तिच्यावर खर्च होते, असा ढोबळ ठोकताळा नौकाधारकांत रूढ आहे आणि तो खोटा ठरल्याची तक्रार झाली तर ती बहुधा रक्कम अधिक लागल्याचीच असते. नौका हे गुंतवणुकीचे साधन नव्हे, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. पण जो खर्च करायचाच आहे त्यातील कोणता टाळू नये, हे सांगायला लागतो. यार्डाजवळ राहणारा, दर मोठ्या पावसानंतर नौकेवर चढून आत पाहणारा आणि तारखेसह छायाचित्रे पाठवणारा एक विश्वासू माणूस ठेवण्याचा खर्च हा त्यांपैकी पहिला. जुन्या पेढ्यांचा परगावचा कारभार ज्या भरवशाच्या मुनिमावर चालत असे, तोच येथेही लागतो.

याशिवाय कागदपत्रांचा भाग आहे. प्रत्येक बेट, किंवा बेटांचा छोटा समूह, हा वेगळा देश. परदेशी नौकेला तेथे तात्पुरता प्रवेश मिळतो आणि त्याची मुदत ठरलेली असते. मुदत उलटली तर नौका आयात केली असे धरून शुल्क मागितले जाऊ शकते. म्हणून कुलूप लावण्याआधी जकात कार्यालयाचा शिक्का तपासणे हे टेकू तपासण्याइतकेच महत्त्वाचे.

दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकांचे एक जुने ठिकाण त्रिनिदादमधील चॅग्वारामस हे आहे. ग्रेनाडाहून एका रात्रीच्या प्रवासाने तेथे पोचता येते. कुशल सुतार, रंगारी, वेल्डर एकाच खाडीत मिळतात, ही त्याची ख्याती. अलीकडच्या वर्षांत व्हेनेझुएलाजवळच्या त्या पट्ट्यात नौका लुटल्याच्या घटना घडल्यामुळे काही मालक आता जपून, सोबतीने वा पूर्वसूचना देऊनच ती रात्र काढतात. भारतीय वाचकाला मात्र त्रिनिदाद परका वाटणार नाही. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतातील गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी घेऊन तेथे पोचले. आज त्या मजुरांचे वंशज देशाच्या लोकसंख्येचा फार मोठा भाग आहेत. त्यांच्या पूर्वजांनी सोबत नेलेली पुरणासारखी डाळ भरलेली पोळी ‘दालपुरी’ या नावाने तेथे रस्तोरस्ती मिळते. शाकाहारी प्रवाशाला शिधा भरण्याची चिंता उरत नाही. दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याकडे नव्या वह्यांचे पूजन होते त्याच दिवसांत तेथे घरांपुढे मातीच्या पणत्या लागतात आणि त्याच सुमारास नौकांचे मालक उत्तरेकडून परतू लागतात.

परतल्यावर पहिले दोन दिवस कोणी शिडाला हात लावत नाही. झाकणे काढायची, खिडक्या उघडायच्या, प्रत्येक कप्प्यात नाक घालून वास घ्यायचा. बारीक दोरीला बांधून डोलकाठीतून दोर परत ओढायचे. तळाला नवा रंग द्यायचा. टेकू ज्या ठिकाणी टेकलेले होते त्या वर्तुळाकार जागा शेवटच्या क्षणी, नौका पट्ट्यांवर उचलल्यानंतर रंगवायच्या. मग ते अजस्र यंत्र नौकेला पोटाखाली धरून संथपणे धक्क्याकडे नेते आणि पाण्यावर खाली सोडते. पट्टे अजून सैल केलेले नसतात. मालक आत उतरतो, फळ्या उचलतो आणि विजेरी घेऊन एकेका झडपेजवळ वाकून पाहतो की कोठून पाणी येते आहे का. तो वर येऊन हात हलवेपर्यंत यंत्र चालवणारा थांबून राहतो.